पान, अर्क आणि तेल: घरगुती दवाईची ताकद ओळखूनच ती वापरा

आपल्या बहुतेक घरांत फडताळात एक डबा असा असतो ज्यात मसाला नसतो. ज्येष्ठमधाची कांडी, सुकलेले उन्नाब, सोनामुखीची पानं, ओवा, कलौंजी, सब्जा, एखादी दालचिनी. नानी-दादीच्या काळापासून हा डबा चालत आला आहे. गेल्या काही वर्षांत त्याच्या शेजारी छोट्या तपकिरी बाटल्या येऊन बसल्या आहेत: नीलगिरी, लवंग, पेपरमिंट, टी ट्री, लॅव्हेंडर. डबा काय नि बाटली काय, दोन्हीकडे लोक ‘नैसर्गिक आहे, नुकसान काय होणार’ याच नजरेने बघतात. मात्र डब्यातल्या पानाचा अंदाज बाटलीतल्या तेलाला लावला तर लहान लेकराच्या जिवावर बेतू शकतं. म्हणून आधी हा फरक समजून घेऊ आणि मग नुस्ख्यांकडे वळू.

एकाच वनस्पतीची चार रूपं

युनानी तिब्बमध्ये प्रत्येक रूपाला वेगळं नाव आहे, कारण हकीमांना फरक पक्का माहीत होता. दवा पाण्यात उकळली की जोशांदा, म्हणजे आपला काढा. उकळता न भिजत ठेवून गाळली की खैसांदा. पाण्यासोबत भट्टीवर चढवून वाफ थंड केली की अर्क. बडीशेपेचा अर्क (अर्क-ए-बादियान) किंवा गुलाबजल हे त्यातलेच. आणि बी घाण्यात दाबून किंवा दवा तेलात शिजवून काढलं ते रोगन: रोगन-ए-बादाम, रोगन-ए-कुंजद म्हणजे तिळाचं तेल.

तपकिरी बाटलीतलं सुगंधी तेल या चारांतलं नाही. पानाफुलांची वाफ थंड केल्यावर पाण्यावर जो पातळसा तेलाचा थर तरंगतो, फक्त तेवढाच बाजूला काढून बाटलीत भरलेला असतो. भट्टीवर वाफ काढण्याची ही कला आपल्याला परकी नाही. नवव्या शतकात अल-किंदी यांनी अत्तर आणि ऊर्ध्वपातनावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता, आणि उत्तर प्रदेशातल्या कन्नौजला आजही देग आणि भपका वापरून अत्तर काढतात. एक किलो गुलाबतेलाला तीन ते पाच हजार किलो पाकळ्या लागतात.

आता साधं गणित करू. नीलगिरीच्या शंभर किलो पानांतून साधारण एक ते दोन किलो तेल निघतं. म्हणजे एक छोटा चमचा, पाच मिलिलिटर तेल हे सुमारे पाव ते अर्धा किलो पानांचा सार झाला. अर्धा किलो पानं कोणी चावून खाणार नाही. जीभच नको म्हणेल. पण चमचाभर तेल लहान मूल एका घोटात गिळून बसतं. इतक्या, किंवा याहून कमी तेलानेही मुलांना फिट येऊन ती बेशुद्ध झाल्याची उदाहरणं वैद्यकीय नोंदींत आहेत.

कलौंजीचं तेल, जैतूनचं तेल, खोबरेल ही वेगळी जात. ती दाबून काढलेली असतात, खाद्य तेलासारखी जड असतात आणि कागदावर टाकली तर तेलकट डाग राहतो. सुगंधी तेलाचा डाग बहुतेक वेळा उडून जातो. दुकानदार दोन्हींना ‘ऑइल’ म्हणतो, म्हणून घोळ होतो. बाटलीवर नीट वाचा.

डब्यातले नुस्खे

सर्दी-खोकल्याचा जुना युनानी नुस्खा अनेक घरांना तोंडपाठ आहे: बेहीदाना 3 ग्रॅम, उन्नाब 5 दाणे, सपिस्तां 9 दाणे. सपिस्तां म्हणजे आपलं सुकलेलं भोकर, ज्याच्या कच्च्या फळांचं लोणचं गावाकडे घालतात. दीड-दोन कप पाण्यात मंद आचेवर निम्मं होईपर्यंत उकळायचं, गाळून कोमट प्यायचं. बेहीदाना कुटायचा नाही, अख्खाच टाकायचा. आपल्याला त्याचा चिकट लुआब हवा असतो, बीचा गर नको. हे प्रमाण मोठ्या माणसाचं आहे. घशाला या लुआबाने आराम पडतो, खरखर कमी होते. याहून जास्त दावा मी करणार नाही.

ज्येष्ठमध, म्हणजे मुलेठी, खोकल्यात चघळायला उत्तम. मात्र महिनोन् महिने रोज घेतली तर रक्तदाब वाढतो आणि शरीरातलं पोटॅशियम कमी होतं. ज्यांना बीपीचा त्रास आहे त्यांनी ती लांबच ठेवावी. बाजारातल्या तयार जोशांद्याच्या पुड्यांतही बहुधा मुलेठी असते आणि साखर तर असतेच. शुगरच्या पेशंटने पुडीमागचा मजकूर वाचल्याशिवाय गरम पाण्यात ती घोळू नये.

अडुळसा कोकणात आणि घाटावर कुंपणालाच मिळतो. त्याच्या पानांतल्या व्हॅसिसिन नावाच्या घटकावरून पुढे ब्रोमहेक्सिन हे कफाचं आधुनिक औषध तयार झालं, म्हणजे आजीचा अंदाज अगदीच हवेतला नव्हता. पण याच घटकामुळे गर्भाशय आकुंचन पावू शकतं, तेव्हा गरोदर बाईने अडुळशाचा काढा घेऊ नये. सतापीचंही तेच. गवती चहा, आलं, पुदिना यांचा एखादा कप चहा मात्र बहुतेकांना चालतो.

पोटदुखीला ओवा आणि बडीशेप, बद्धकोष्ठतेला सोनामुखी. सोनामुखीला अरबीत सना म्हणतात आणि हदीसमध्येही तिचा उल्लेख आहे. ती जोरदार रेचक आहे. दोन-चार दिवसांपुरती ठीक, रोजची सवय लावून घेतली तर आतडी सुस्त पडतात. जुलाब लागलेल्या मुलाला मात्र ओवा-पुदिन्याच्या आधी ओआरएस द्या. जुलाबात मूल दगावतं ते अंगातलं पाणी गेल्यामुळे, आणि ती तूट ओव्याने भरून येत नाही.

गुळवेलीबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं. करोनाच्या काळात घरोघरी तिचा काढा सुरू झाला. 2021 मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी अशा सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली ज्यांना गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झाली होती. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला; गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असेल, असाही मुद्दा पुढे आला. वाद तज्ज्ञांचा आहे. घरापुरतं एवढं धरून चालावं की गुळवेल महिनोन् महिने पिण्याची गोष्ट नाही, आणि डोळे किंवा लघवी पिवळी दिसली की काढा त्याच दिवशी बंद करायचा.

कलौंजी कुठली?

कलौंजीत मृत्यू वगळता प्रत्येक आजाराची शिफा आहे, हा प्रेषित मुहम्मद (स.) यांचा कौल सहीह बुखारीत आहे आणि आपल्या घरांत कलौंजीचा मान त्यामुळेच. पण आपल्या डब्यात आहे ती कलौंजीच आहे का, हे आधी बघा. महाराष्ट्रात काळ्या बियांचा भलताच गोंधळ आहे. कारळे, ज्याला काही भागांत खुरासणी म्हणतात, ते चटणीचं बी: लांबट, चकचकीत, एका टोकाला निमुळतं. शहाजिरं बिर्याणीत पडतं, ते बारीक आणि वाकडं. काळी जिरी किंवा कडू जिरं हे वेगळंच झाड, जंतांवर वापरतात आणि भयंकर कडू असतं. काही दुकानदार कलौंजीला ‘काळं जिरं’ म्हणून देतात, तर काही ‘कांद्याचं बी’ म्हणून. कांद्याशी तिचा काहीही संबंध नाही. खरी कलौंजी मंद काळी, खरबरीत आणि कोनदार असते. चुरडली की ओव्यासारखा, थोडा मिरीसारखा वास येतो. नान आणि लोणच्यात दिसते तीच.

कलौंजीत थायमोक्विनोन नावाचा घटक असतो. तिच्यामुळे रक्तातली साखर आणि रक्तदाब थोडा उतरतो, असं काही छोट्या अभ्यासांत दिसलं आहे. नेमकी इथेच काळजी घ्यायला हवी. जे आधीच शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेतात त्यांनी कलौंजीचं तेल चमच्याने सुरू केलं तर साखर फार खाली जाऊन चक्कर, घाम, बेशुद्धी येऊ शकते. आणि याच्या उलटा प्रकार जास्त घातक: तेल सुरू केलं म्हणून गोळी सोडून देणं. सहा महिन्यांनी पायाची जखम भरत नाही तेव्हा घरच्यांना कळतं.

या हदीसच्या आधाराने गोळी सोडणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. जुन्या भाष्यकारांमध्ये अल-खत्ताबी यांच्यासारख्यांनी स्पष्ट लिहिलं आहे की इथे शब्द व्यापक असले तरी अर्थ विशिष्ट आजारांपुरता आहे. आणि दुसरी हदीस, जी आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही, ती अबू दाऊदमध्ये आहे: वैद्यकाचं ज्ञान असल्याची ओळख नसताना जो इलाज करतो, तो होणाऱ्या नुकसानीला जबाबदार असतो. व्हॉट्सॲपवर नुस्खा पुढे पाठवण्याआधी ही आठवली तर बरं.

चिमूटभर कलौंजी भाजीत, नानवर, मधासोबत घेणं याला बहुतेक मोठ्या माणसांना हरकत नाही. गरोदरपणात स्वयंपाकापुरतीच, दवा म्हणून नको. ऑपरेशन ठरलं असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगून.

मधाचा विषय निघालाच आहे. एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात देऊ नये, बोटाला लावूनही नाही. मधात एका जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांना ते काही करत नाहीत, पण बाळाच्या आतड्यात वाढून विष तयार करतात आणि बाळ लुळं पडतं, श्वास अडकतो. मध उकळून हे बीजाणू मरत नाहीत. तहनीकसाठी मधाचा आग्रह धरणाऱ्या नातेवाइकांना सांगायला हरकत नाही की हदीसमध्ये उल्लेख खजुराचा आहे. तोही द्यायचा तर आधी बाळाच्या डॉक्टरांना विचारून, कारण मोठ्यांच्या तोंडातले जंतू बाळाला नकोत.

बाटलीतली तेलं

पहिला नियम: सुगंधी तेल पोटात घ्यायचं नाही. पेपरमिंट तेलाच्या कॅप्सूल डॉक्टर आतड्याच्या तक्रारीवर देतात हे खरं, पण त्या खास आवरणाच्या असतात, पोट ओलांडून आतड्यात फुटतात. बाटलीतला थेंब पाण्यात टाकून प्यायलात तर छातीत जळजळ वाढते. तेल पाण्यात मिसळतही नाही, वर तरंगतं आणि घशाला जसंच्या तसं लागतं.

दुसरा नियम: अंगाला लावायचं तर पातळ करून. साधारण वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो, म्हणून हिशोब सोपा आहे. एक छोटा चमचा खोबरेल, तिळाचं किंवा जैतूनचं तेल आणि त्यात एक थेंब सुगंधी तेल, म्हणजे सुमारे एक टक्का. मोठ्या माणसाला गुडघे-पाठ चोळायला फार तर दोन थेंब. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस बघा. लाल झालं, खाज आली, तर ते तेल तुमच्यासाठी नाही. लिंबाचं तेल लावून उन्हात गेलात तर कातडी भाजल्यासारखी होऊ शकते.

लवंगाचं तेल दातदुखीला खरंच काम करतं. त्यातलं युजेनॉल दंतवैद्यही वापरतात. कापसाच्या बोळ्यावर एक थेंब, फक्त दुखऱ्या दाताला, हिरडी टाळून. दुखणं दबलं तरी कीड तिथेच असते, दाताच्या डॉक्टरकडे जावंच लागतं. लहान मुलांच्या हिरडीला, दात येताना, हे लावू नका. पोटात गेलं तर यकृत खराब होतं.

गंधपुरा तेल सांधेदुखीच्या अनेक मालिशतेलांत असतं. त्यात मिथाइल सॅलिसिलेट असतं, ॲस्पिरिनच्या कुळातलं. शुद्ध तेलाच्या एका छोट्या चमच्यात सुमारे सात ग्रॅम ॲस्पिरिनइतकी ताकद असते, म्हणजे नेहमीच्या वीसेक गोळ्या. आजोबांच्या उशाशी ही बाटली असते आणि नातू तिथेच खेळत असतो. बाटली उचलून वर ठेवा.

सगळ्यात जास्त घोळ कापराचा. कापूर आपल्या घरांत कपड्यांतही असतो आणि मय्यतच्या गुस्लसाठीही ठेवलेला असतो. ओव्याचा सत, पुदिन्याचा सत आणि कापूर समभाग एकत्र केले की तिन्ही घन पदार्थ डोळ्यांदेखत वितळून पाणी होतात. अमृतधारा म्हणतात ती हीच. आठवीच्या मुलांना दाखवला तर हा प्रयोग त्यांना जादू वाटतो. पण लहान मुलाच्या पोटात एक ग्रॅम कापूरही जीवघेणा ठरू शकतो आणि परिणाम काही मिनिटांतच दिसतो: उलटी, थरथर, मग फिट. कापूर कातडीतूनही आत जातो. म्हणून सर्दी झाली की तान्ह्या बाळाच्या गळ्यात ओवा-कापराची पुरचुंडी बांधणं, छातीला कापराचं तेल चोळणं, नाकाला बाम लावणं हे थांबवायला हवं. दोन वर्षांखालच्या मुलाला कापूर, पुदिन्याचा सत (मेंथॉल) किंवा नीलगिरी यातलं काहीच नाही. मेंथॉल नाकाजवळ गेलं तर तान्ह्या बाळाचा श्वास क्षणभर बंद पडू शकतो. नाक चोंदलेल्या बाळाला डॉक्टरांनी सांगितलेले मिठाच्या पाण्याचे थेंब, आणि पाजणं चालू ठेवणं, एवढंच पुरतं.

शाळेत उवांचा विषय निघाला की आया हमखास सांगतात, ‘मॅडम, रात्री खोबरेलात कापूर घालून केसांना लावलाय.’ लहान मुलींना हे नको. साधं खोबरेल भरपूर लावायचं आणि बारीक दातांच्या फणीने तीन-चार दिवसांच्या अंतराने, दोन आठवडे, चिकाटीने विंचरायचं. वेळ जातो, पण उवाही जातात.

वाफेबद्दल. गरम पाण्याच्या पातेल्यावर मूल धरून चादर टाकणं हे औषधापेक्षा भाजण्याचं कारण जास्त ठरतं. वाफारा मोठ्यांनी घ्यावा, साध्या पाण्याचा, पातेलं जमिनीवर पक्कं ठेवून. भाजलंच तर लॅव्हेंडर नको, टूथपेस्ट नको, हळद नको. वीस मिनिटं नळाचं वाहतं गार पाणी. बाळंतिणीच्या खोलीत लोबानाची धुनी देण्याची रीत अजून आहे. धूर कशाचाही असो, नवजात फुफ्फुसाला तो धूरच. दमा असलेल्या घरात डिफ्युझरही जपून.

कानात लसणाचं गरम तेल सोडू नये, विशेषतः कान वाहत असेल तर. पडद्याला भोक असलं तर तेल थेट आत जातं. अत्तराचा फाया कानाच्या पाळीत ठेवतात तो वेगळा, तो तिथेच ठीक.

खरेदी आणि थांबण्याची वेळ

युनानी किंवा आयुर्वेदिक औषधाच्या बाटलीवर उत्पादन परवाना क्रमांक, घटक, बॅच आणि मुदत छापलेली असायला हवी. नुसतं ‘शंभर टक्के शुद्ध’ म्हणजे काही नाही. मधुमेह, कॅन्सर बरा करण्याची जाहिरात करणं 1954 च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने गुन्हा आहे, मग ती जाहिरात मोबाइलवर आली असली तरी. युनानीच हवं असेल तर बीयूएमएस झालेल्या, नोंदणीकृत हकीमसाहेबांकडे जा. पुणे, मालेगाव, मुंबई इथे युनानी महाविद्यालयं आणि त्यांची रुग्णालयं आहेत. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या सोबत न्या, आणि ॲलोपॅथीच्या डॉक्टरांनाही काढे सांगा. ‘रागावतील’ म्हणून लपवू नका.

घरचा इलाज कुठे सोडायचा, हेही ठरलेलं असावं. तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर. मूल भराभर श्वास घेत असेल, बरगड्या आत ओढल्या जात असतील, पीत नसेल, सुस्त पडलं असेल तर लगेच. दोन आठवड्यांवर खोकला गेला तर सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी, ती मोफत असते. टीबीवर जोशांदा चालत नाही. छातीत दुखून घाम फुटला तर ओवा चावत बसू नका.

तेल गिळलं तर

उलटी करवू नका. मीठ-पाणी, दूध, तेल काही पाजू नका. उलटी होताना पातळ तेल फुफ्फुसात शिरतं आणि न्यूमोनियासारखा आजार होतो. तोंड पुसून काढा, मुलाला कुशीवर ठेवा आणि 108 ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने मोठ्या रुग्णालयात जा. मूल हसतंखेळतं दिसलं तरी जा, कारण फिट अचानक येते. डोळ्यात गेलं असेल तर वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा. बाटली सोबत न्या. किती भरलेली होती, किती उरली, किती वाजता घडलं आणि मुलाचं वजन किती, एवढं डॉक्टरांना सांगा. तिथल्या डॉक्टरांना सल्ला लागला तर दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र चोवीस तास सुरू असतं.

तोपर्यंत घरातल्या कोणीतरी उरलेल्या बाटल्या कुलपाच्या कपाटात हलवाव्यात. कफ सिरपच्या रिकाम्या बाटलीत कधीही तेल भरू नका, आणि प्रत्येक बाटलीवर नाव मराठी-उर्दू दोन्हींत मोठ्या अक्षरात लिहा, म्हणजे रात्री लाइट गेल्यावर दादीलाही चाचपडावं लागणार नाही.